जड पाण्यातले दिवस

११ सप्टेंबर २०२४, बुधवार

ई. कोलाय जड पाण्यात वाढते, पण कुरकुरत. नेहमीच्या पोषक रसात वीस मिनिटांत दुप्पट होणारा हा जीव ड्युटेरियमच्या पाण्यात तासन्‌तास अडून बसतो. एकदम शंभर टक्क्यांत टाकला तर बहुधा हलतच नाही. म्हणून आधी तीस टक्के, मग साठ, मग जवळजवळ पूर्ण, अशी सवय लावत आणायचा. सकाळी ओडी, म्हणजे रसाचा गढूळपणा, ०.२ होती, रात्री आठला ०.४. गौरीजेवणाच्या दिवशी मी शेकरसमोर बसून कँटीनची पोळीभाजी खातेय. आईने फोनवर पुरणपोळ्यांचं सविस्तर वर्णन केलं, मुद्दाम.

नवीन आलेल्या पोरीने विचारलं, "ताई, एवढा त्रास घेऊन पाणी जड कशाला?" तिला सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण वर्षभरात मलाही कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. प्रथिनात हजारो प्रोटॉन असतात. चुंबकात ते सगळे एकदम बोलतात आणि वर एकमेकांचा आवाज बुजवतात. पंगतीत दोनशे माणसं एकदम बोलत असताना समोरच्या काकांचं ऐकायचं असेल तर बाकीच्यांनी गप्प बसायला हवं, तसं. ड्युटेरियम हे गप्प बसवणं आहे. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आला की तो प्रोटॉनच्या वारंवारितेवर ऐकू येत नाही. आमच्या चुंबकात प्रोटॉन ६०० मेगाहर्ट्‌झवर बोलतो, ड्युटेरियम ९२ वर. पूर्ण वेगळं स्टेशन.

समस्थानिकांनी खुणा करायच्या म्हटलं की लोकांना वाटतं आपण काहीतरी चमकतं आत घालतो. खर्च आणि वेळ यांचा हिशोब मांडला तर आम्ही जास्त करून विझवतोच.

बाटलीवर कारखान्याचं नाव नाही, पण मी ते पाणी थळचं समजते. अलिबागजवळ थळला जड पाण्याचा प्रकल्प आहे, खत कारखान्याच्या शेजारीच. अमोनिया बनवायला जो वायू लागतो त्यातल्या हायड्रोजनमधून ड्युटेरियम वेचून काढतात. निसर्गात त्याचं प्रमाण सुमारे ०.०१५ टक्के. अणुभट्ट्यांसाठी उभारलेल्या व्यवस्थेतून आमच्यासारख्यांच्या वाट्याला काही लिटर येतात.

पोरीने दुसरंही विचारलं: चव कशी असते? १९३५ साली हॅरॉल्ड युरीने, म्हणजे ज्याने ड्युटेरियम शोधलं त्यानेच, चवीत फरक नाही असं छापलं होतं. २०२१ मध्ये जेरुसलेम आणि प्राग इथल्या गटांनी दाखवलं की माणसाला ते किंचित गोड लागतं, आणि ती गोडी जिभेवरच्या गोड चवीच्या रिसेप्टरमुळेच येते. आम्ही जे प्रथिन बनवतोय तोही एक रिसेप्टर, या गोडीच्या रिसेप्टरचाच नातेवाईक. तिला बजावलं, या खोलीत कुठलीही चव बघायची नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

ओडी ०.६ ला मेथिओनिन घातलं. या मेथिओनिनच्या टोकाला गंधकाला लागून जो मिथाइल गट असतो त्यातला कार्बन १३ वजनाचा आहे. साधा कार्बन-१२ चुंबकात मुका असतो, त्याला स्पिनच नाही. कार्बन-१३ बोलतो, पण निसर्गात तो १.१ टक्का. नायट्रोजन-१५ तर ०.३७ टक्के.

जिवाणूला मेथिओनिन आयतं मिळालं की तो स्वतः बनवणं बंद करतो. या आळशीपणावर आमचं सगळं काम उभं आहे. काही गट जिवाणूची स्वतःची निर्मिती आणखी दाबायला लायसीन, थ्रिओनीन, ल्युसिन वगैरेही घालतात. सरांना ते नको आहे. त्या सगळ्यांचे हायड्रोजन साधे, म्हणजे जड पाण्याने जे विझवलं ते परत पेटणार. त्यांचं बरोबर आहे.

अर्ध्या तासाने जिवाणूला रिसेप्टर बनवायला लावणारं आयपीटीजी घालून तापमान वीसवर आणलं. रिसेप्टर घाईने बनवला तर पटलात बसत नाही, गोळा होऊन पडतो.

१४ सप्टेंबर, शनिवार

पेलेट फ्रीझरमध्ये. पेशी अपेक्षेपेक्षा कमी, पण रंग चांगला.

१६ सप्टेंबर, सोमवार

कोल्ड रूममध्ये दिवस गेला. बाहेर ढोलपथकांचा सराव, आत चार अंश आणि दोन स्वेटर.

न्यूरोटेन्सिन रिसेप्टर-१ पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जातो. बाहेरच्या बाजूला खोबण, आतल्या बाजूला निरोप पुढे नेणारं जी-प्रथिन येऊन टेकण्याची जागा. माणसात अशा बांधणीचे आठशेच्या आसपास रिसेप्टर आहेत आणि बाजारातल्या औषधांपैकी जवळजवळ एक तृतीयांश यांच्यावरच काम करतात. न्यूरोटेन्सिन हे तेरा अमिनो आम्लांचं पेप्टाइड. कॅरावे आणि सुझन लीमन यांना ते १९७३ मध्ये गाईगुरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये सापडलं, दुसराच पदार्थ शुद्ध करताना. रिसेप्टरला यातली शेवटची सहाच पुरतात.

या कुटुंबातले बहुतेक सदस्य जिवाणूत धड बनत नाहीत. त्यांना कीटकांच्या पेशी लागतात किंवा यीस्ट, आणि तिथे जड पाणी व खुणेची अमिनो आम्लं हा फार महागडा आणि नाजूक प्रकार होतो. आमचा रिसेप्टर अपवाद आहे. त्याच्या एका टोकाला माल्टोज धरणारं प्रथिन आणि दुसऱ्या टोकाला थायोरिडॉक्सिन जोडलं तर तो ई. कोलायच्या पटलात नीट बसतो, हे ग्रिसहॅमर यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं. पुढे झुरिचला प्लुकथून यांच्या प्रयोगशाळेने त्याचे हजारो बदललेले नमुने बनवून त्यातून जास्त टिकाऊ आणि जास्त उत्पन्न देणारे निवडले. आम्ही त्यातलाच एक वापरतो. त्यामुळे हा रिसेप्टर पूर्णपणे निसर्गाचा नाही, हे मी दर वेळी व्याख्यानात सांगते आणि दर वेळी कुणीतरी तोच आक्षेप नव्याने घेतं.

पटल विरघळवायला डिटर्जंट लागतो. पटलातून बाहेर काढलेला रिसेप्टर उघडा राहू शकत नाही, त्याची तेलकट कंबर झाकावी लागते. आमच्या डिटर्जंटचे, डीडीएमचे, रेणू तिच्याभोवती कडं करतात. रिसेप्टर चाळिसेक किलोडाल्टनचा, पण कड्यासकट शंभराच्या वर जातो. एवढा मोठा गोळा पाण्यात सावकाश फिरतो, आणि फिरणं सावकाश म्हणजे स्पेक्ट्रममध्ये रेषा रुंद. आमच्या निम्म्या अडचणी या एका वाक्यात आहेत.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी. लक्ष्मी रोड, टिळक रोड बंद. निकेल कॉलम काल रात्रीच उरकला ते बरं झालं. घरी थांबले.

२० सप्टेंबर, शुक्रवार

जेलवर एकच पट्टी, थोडी पसरट. पटलातल्या प्रथिनांची असते तशी. पेप्टाइड लावलेल्या कॉलमवरून गेलेला भाग तेवढा ठेवला. म्हणजे जो रिसेप्टर न्यूरोटेन्सिनला अजून धरू शकतो तेवढाच. जवळजवळ निम्मा माल असा बाहेर गेला. सर म्हणाले, "गेला तो आपला नव्हताच." ऐकायला छान वाटतं. त्यातलं मेथिओनिन मात्र आपलंच होतं.

बफर बदलून पुन्हा जड पाण्यात आणलं. शेवटी हातात ३०० मायक्रोलिटर, साठ मायक्रोमोलरच्या आसपास.

कागदावर एक हिशोब केला. डिटर्जंट वीस मिलिमोलर आहे. त्याच्या शेपटीच्या टोकालाही मिथाइल गट असतो आणि त्यात नैसर्गिकपणे १.१ टक्का कार्बन-१३ असतोच. वीस मिलिमोलरचा १.१ टक्का म्हणजे २२० मायक्रोमोलर. खूण न केलेला डिटर्जंट आमच्या खूण केलेल्या रिसेप्टरच्या साडेतीन पटींहून जास्त आवाज करणार! सुदैवाने त्याची जागा वेगळी आहे. मेथिओनिनचा कार्बन साधारण १५ ते १८ पीपीएममध्ये दिसतो आणि त्याचे प्रोटॉन दोनच्या आसपास. डिटर्जंटची शेपटी प्रोटॉनच्या बाजूने एकच्या खाली राहते. मेथिओनिन निवडायचं हे एक कारण. दुसरं म्हणजे ते मिथाइल टोक लवचीक दांड्यावर भिरभिरत असतं, म्हणून बाकी सगळं जड होऊन फिरत असलं तरी त्याची रेषा त्यातल्या त्यात बारीक राहते. तिसरं, ते रिसेप्टरमध्ये मोजकेच आहेत. मोजके साक्षीदार बरे.

२३ सप्टेंबर, सोमवार. रात्र

मशीनवर कालपासून आमचा नंबर. काकांनी सकाळी नायट्रोजन भरून ठेवला होता. हे काका गेली कित्येक वर्षं या चुंबकाची देखभाल करतात. पीएचडी झालेल्या अर्ध्या लोकांना त्यांनी शिमिंग शिकवलंय आणि ते कुणाच्याच प्रबंधात नाहीत. ट्यूब हातात घेऊन त्यांनी दिव्यासमोर धरली. "फेस नाही. चला." एवढंच.

चुंबक १४.१ टेस्लाचा. पुण्यात पृथ्वीचं क्षेत्र जेवढं आहे त्याच्या तीन लाख पटींहून जास्त. कॉइल द्रव हीलियममध्ये बुडालेली, ४.२ केल्व्हिन. तिला वीज लागत नाही, वर्षानुवर्षं तोच प्रवाह आत फिरत असतो. आणि एवढं सगळं करून हाती काय लागतं? चुंबकाच्या दिशेने आणि विरुद्ध दिशेने वळलेल्या प्रोटॉनांत फरक लाखामागे पाचचा. बाकी सगळे एकमेकांना खोडून टाकतात. एनएमआरची, म्हणजे चुंबकात केंद्रकांचा आवाज ऐकण्याची, अख्खी विद्या या पाचांच्या जीवावर चालते. म्हणून तर ऐकणारी कॉइलसुद्धा वीसेक केल्व्हिनपर्यंत थंड करतात, तिची स्वतःची खरखर कमी व्हावी म्हणून. ट्यूब मात्र तिच्यापासून काही मिलिमीटरवर, पंचवीस-तीस अंशांवर निवांत.

लॉक लागला. सगळं विझवणाऱ्या ड्युटेरियमचा इथे उलट उपयोग होतो. मशीन त्याच्याच आवाजावर स्वतःला स्थिर ठेवतं.

आधी दहा मिनिटांची एकमितीय धाव. त्यात डिटर्जंटचा डोंगर आणि बाकी काहीच नाही. पोरीचा चेहरा पडला. तिला सांगितलं, थांब. मग कार्बनला जोडलेले प्रोटॉनच तेवढे निवडणारा द्विमितीय प्रयोग लावला. इथे घाई उपयोगाची नाही. सिग्नल दुप्पट स्पष्ट हवा असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो.

अकराच्या सुमारास पहिले ठिपके वर आले. आडव्या अक्षावर प्रोटॉन, उभ्यावर कार्बन, आणि मध्ये पांढऱ्या जागेत थोडे गोल डाग. प्रत्येक डाग म्हणजे एक मेथिओनिन. रिसेप्टरच्या सगळ्या हजारो अणूंपैकी एवढेच बोलताहेत. काही डाग तीक्ष्ण, ते बहुतेक शेपटीत किंवा बाहेरच्या वळणात असणार, मोकळे हलणारे. दोन रुंद आणि फिकट. एक बराच बाजूला सरकलेला. त्याच्याजवळ नक्की एखादं सुगंधी वलय आहे, फिनाइलअलानिन किंवा टायरोसिन किंवा ट्रिप्टोफॅन. त्यांच्या इलेक्ट्रॉनांचं चक्र शेजाऱ्याचं क्षेत्र थोडं बदलतं आणि डाग जागा सोडतो.

पोरीने विचारलं, "यात रिसेप्टर कुठे दिसतो?" दिसत नाही. फोटो नाहीच हा.

२५ सप्टेंबर, बुधवार

पोरीसाठी जुने कागद काढताना १९५१ चा तो प्रसिद्ध छोटा लेख पुन्हा हाती आला. अर्नोल्ड, धर्मात्ती आणि पॅकार्ड. इथेनॉलमधल्या प्रोटॉनांच्या एका रेषेऐवजी तीन दिसल्या. मिथाइलचे तीन, मधले दोन, हायड्रॉक्सिलचा एक. रेषांच्या क्षेत्रफळांचं प्रमाणही तेच. एकाच अणूचा आवाज तो रेणूत कुठे बसलाय त्यावर बदलतो, हे ज्या कागदावर नुसत्या डोळ्यांनी दिसतं तो हा कागद. भौतिकशास्त्रज्ञांना ही तेव्हा कटकट वाटली होती, त्यांना केंद्रकाचा चुंबकीय गुणधर्म नेमका मोजायचा होता आणि रसायन मध्ये येत होतं. ही कटकटच पुढे आमचा धंदा झाली.

यातले श्रीनिवास धर्मात्ती स्टॅनफर्डहून परत आले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी एनएमआरचा गट उभा केला. पुढे ऐंशीच्या दशकात तिथेच राष्ट्रीय सुविधा झाली आणि देशभरातले लोक नमुने घेऊन कुलाब्याला जाऊ लागले. आणि प्रथिनातला कुठला प्रोटॉन कुठल्याजवळ आहे हे एका झटक्यात दाखवणारा द्विमितीय प्रयोग १९८० मध्ये प्रथम छापला गेला, त्यावर पहिलं नाव बंगळूरच्या अनिल कुमारांचं आहे, मागे अर्न्स्ट आणि व्युथरिश. या दोघांना नोबेल मिळालं, वेगवेगळ्या वर्षी. आमच्याकडे हे पाठ्यपुस्तकात का नसतं, हा वेगळा विषय.

३० सप्टेंबर, सोमवार

डागांना नावं द्यायचं काम. यात हुशारी नाही, हमाली आहे. एकेक मेथिओनिन बदलून तिथे ल्युसिन घालायचं, पुन्हा जिवाणू, पुन्हा जड पाणी, पुन्हा कोल्ड रूम, पुन्हा रात्र. जो डाग गेला तो त्याचा. एका नावासाठी अख्खा नमुना.

आणि तेही सरळ होत नाही. आजच्या नमुन्यात एक डाग गेला आणि त्याचे दोन शेजारी थोडे सरकले. म्हणजे तिथे त्यांचं एकमेकांशी काहीतरी आहे. पोर वैतागली. मला ते सरकणंच जास्त आवडलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी सव्वातीनला रसायनाचं नोबेल जाहीर झालं. अर्धं डेव्हिड बेकरना, नवी प्रथिनं रचण्यासाठी. उरलेलं अर्धं हसाबिस आणि जम्पर यांना, अमिनो आम्लांच्या क्रमावरून आकार ओळखणाऱ्या अल्फाफोल्डसाठी. मजल्यावर सगळे एकाच स्क्रीनभोवती. शेजारच्या प्रयोगशाळेतला एक जण माझ्याकडे बघून म्हणाला, "मग ताई, दुकान बंद?"

हसण्यावारी नेलं, पण प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर अर्धं होकारार्थी आहे. व्युथरिश यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं ते द्रावणातल्या प्रथिनांची त्रिमितीय रचना एनएमआरने काढण्यासाठी. नुसता आकार हवा असेल तर ते काम आता क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि संगणक जास्त लवकर करतात, मोठ्या प्रथिनांच्या बाबतीत तर नक्कीच. आमच्या क्षेत्रातले काही ज्येष्ठ हे मान्य करत नाहीत. मला त्यात कमीपणा वाटत नाही. मीसुद्धा कुठलं मेथिओनिन कुठल्या वलयाजवळ येतं ते बघायला संगणकाने दिलेला नमुनाच उघडते.

पण आमच्या रिसेप्टरचा आकार २०१२ पासून माहीत आहे, पेप्टाइड खोबणीत बसलेल्या स्थितीतला, स्फटिकातून. म्हणजे अल्फाफोल्डच्या आधीच आमचं दुकान बंद व्हायला हवं होतं. झालं नाही, कारण स्फटिकात रिसेप्टर एका बैठकीत धरून ठेवलेला असतो. खऱ्या पटलात तो एका आकारात राहत नाही. बंद, अर्धवट, उघडा, अशा बैठकांत तो सतत जात-येत असतो. औषध आलं म्हणजे कळ दाबली गेली असं होत नाही, कुठल्या बैठकीत किती वेळ जातो ते प्रमाण बदलतं. किती वेळ, हे छायाचित्रातून मिळत नाही.

त्याला हे सगळं सांगायला गेले तोवर तो पेढे आणायला गेला होता.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या दसरा, सुट्टी, म्हणून यंत्रांची पूजा आजच. सेंट्रिफ्यूजला हळदकुंकू, ऑटोक्लेव्हला झेंडूची माळ, संगणकाला आपट्याची पानं. चुंबकाला हार घालायला पोरं निघाली तर काकांनी दारातच अडवलं आणि हारातली तार तपासली. लोखंडी निघाली. सुतात ओवून पुन्हा हार झाला. नारळ खोलीबाहेर.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आठवड्याचा निकाल. रिकाम्या रिसेप्टरचा स्पेक्ट्रम, मग त्यातच पेप्टाइड थोडं थोडं घालत.

बाहेरच्या बाजूचे डाग अपेक्षेप्रमाणे सरकले. खोबणीत पाहुणा आल्यावर आजूबाजूचे हलणारच. गंमत आतल्या बाजूची आहे. जिथे जी-प्रथिन टेकतं त्या बाजूच्या मेथिओनिनचा डाग, म्हणजे त्या दोन रुंद फिकट डागांपैकी एक, पेप्टाइड घातल्यावर सरकला नाही. तो आणखी रुंद होत गेला आणि शेवटी दिसेनासा झाला.

सर खूश. पोर हवालदिल, तिला वाटलं नमुना मेला. तिला फळ्यावर काढून दाखवलं. समजा मेथिओनिनच्या दोन जागा आहेत, बंद बैठकीतली आणि उघडीतली, आणि त्यांच्या आवाजात ६० हर्ट्‌झचा फरक आहे. आमच्या मशीनवर तो प्रोटॉनच्या अक्षावर एक दशांश पीपीएम होतो. रिसेप्टर सेकंदाला पाच-दहा वेळाच बैठक बदलत असेल तर दोन वेगळे डाग दिसतील. सेकंदाला हजारो वेळा बदलत असेल तर मध्ये एकच सरासरी डाग. आणि बदलण्याचा वेग त्या फरकाच्या जवळपास असेल, तर डाग पसरून पसरून नाहीसा होतो. म्हणजे नाहीसं होणं हीसुद्धा माहिती आहे. तिथे मिलिसेकंदांच्या मापाची हालचाल चालू आहे.

हे आम्ही पहिल्यांदा बघितलेलं नाही. टोकियोच्या शिमादा गटाने २०१२ मध्ये बीटा-२ ॲड्रेनर्जिक रिसेप्टरवर याच पद्धतीने काम केलं, मेथिओनिनच्या मिथाइलवरच. त्यातला ८२ क्रमांकाचा मेथिओनिन औषधागणिक वेगळी जागा दाखवत होता. रिसेप्टरला पूर्ण चेतवणाऱ्या औषधाने एकीकडे, दाबणाऱ्याने दुसरीकडे, आणि अर्धवट चेतवणाऱ्याने दोन्हींच्या दरम्यान. अर्धवट काम करणारं औषध रिसेप्टरला अर्धवट आकार देत नाही, दोन बैठकांमधला त्याचा वेळ वाटून टाकतं. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या कोबिल्का यांच्या गटाच्या मोजमापांत दिसलं की पूर्ण ताकदीचं औषध असलं तरी जी-प्रथिन येऊन टेकेपर्यंत तो रिसेप्टर उघड्या बैठकीत पक्का थांबत नाही. कोबिल्का यांना त्याच्या आदल्या वर्षीच लेफ्कोविट्‌झ यांच्याबरोबर नोबेल मिळालं होतं, या कुटुंबावरच्या कामासाठीच.

औषधाची ताकद म्हणजे वेळेची वाटणी. हे एकदा समजल्यावर गोळ्यांच्या पाकिटाकडे पूर्वीसारखं बघता येत नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

आईचा फोन. रक्तदाबाची गोळी बदलली म्हणे, आता मेटोप्रोलॉल. "तुझं ते प्रोटीन याच गोळीचं का गं?"

जवळजवळ. मेटोप्रोलॉल बीटा-१ रिसेप्टरला धरतं, हृदयातल्या. त्याच रिसेप्टरचा टर्की पक्ष्यातला टिकाऊ केलेला नमुना घेऊन बाझेलच्या ग्रझेसिएक गटाने २०१६ मध्ये नायट्रोजन-१५ लावलेल्या व्हॅलिनवरून अभ्यास केला, आणि तोही कीटकांच्या पेशीत बनवून. औषधं बदलत गेले तसे खोबणीजवळचे डाग ज्याच्या त्याच्या तऱ्हेने हलले, पण पटलातून पाचव्यांदा आरपार जाणाऱ्या तुकड्याच्या आतल्या टोकाजवळचा एक डाग औषधाच्या ताकदीप्रमाणे पायरीपायरीने सरकत गेला. बाहेर कोण आलं आणि आत काय पोहोचलं, हे दोन वेगळे हिशोब आहेत, ते एकाच नकाशावर दिसतं.

आईला यातलं एवढंच सांगितलं की गोळी वेळेवर घे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय मध्येच बंद करू नकोस. "हे तर केमिस्टनेही सांगितलं," ती म्हणाली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीनंतरचा पहिला खरा कामाचा आठवडा. दिवाळीआधी बनवून ठेवलेला नॅनोडिस्कचा नमुना परवापासून मशीनवर आहे.

डिटर्जंटचं कडं हे पटल नव्हे, हा आक्षेप कायम असतो आणि रास्त आहे. नॅनोडिस्कमध्ये लिपिडांची छोटी चकती असते, तिच्या कडेने प्रथिनाचा पट्टा. स्लायगर यांनी इलिनॉयमध्ये काढलेली ही युक्ती. रक्तातलं "चांगलं" कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या प्रथिनावरून तो पट्टा बेतलेला आहे. रिसेप्टर त्यात घरच्यासारखा राहतो. पण गोळा आणखी मोठा होतो, आणखी सावकाश फिरतो.

अपेक्षेप्रमाणे सगळेच डाग मंदावले. शेपटीतले ठीक आहेत. आतल्या बाजूचा तो नाठाळ मेथिओनिन पेप्टाइड नसतानाही दिसत नाही. आता प्रश्न असा की तो मोठ्या गोळ्यामुळे गेला, की लिपिडांमध्ये रिसेप्टर बैठका बदलण्याचा वेगच वेगळा आहे? पहिलं असेल तर ती आमची तांत्रिक अडचण, दुसरं असेल तर तोच आमचा निष्कर्ष. दोन्हींत कागदावर एकच गोष्ट दिसते: पांढरी जागा.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांशी दोन तास वाद. त्यांचं म्हणणं, फ्लोरिनवर जाऊ. त्या जागी सिस्टिन घालून त्याला ट्रायफ्लोरोमिथाइलची खूण चिकटवायची. फ्लोरिन-१९ शंभर टक्के आहेच, त्याला समृद्ध करावं लागत नाही, आणि नमुन्यात दुसरीकडे कुठेही फ्लोरिन नसल्यामुळे मागचा गोंगाट शून्य. दोन बैठका असतील तर वेगळ्या दिसण्याची शक्यताही जास्त. सगळं खरं. माझं म्हणणं, खूण बाहेरून चिकटवली की ती स्वतःच रिसेप्टरला ढकलत नाही हे वेगळं सिद्ध करत बसावं लागतं. मेथिओनिन त्याचं स्वतःचं आहे. त्याऐवजी ग्लुकोजही ड्युटेरियमचं वापरू, लिपिडही ड्युटेरियमचे घेऊ, म्हणजे आजूबाजूचे उरलेसुरले प्रोटॉन जातील. मोठा गोळा हेच कारण असेल तर डाग परत येईल. नाही आला तर हालचाल.

"खर्च?" सर म्हणाले.

मी आकडा सांगितला. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते.

शेवटी ठरलं ते असं. पुढच्या आठवड्यात आहे तोच नमुना चार तापमानांवर चालवायचा, १५ पासून ३५ अंशांपर्यंत. गोळ्याच्या आकारामुळे रुंद झालेल्या रेषा गरम केल्यावर हळूहळू बारीक होतात. बैठका बदलण्यामुळे गेलेला डाग गरम-थंड करताना कुठेतरी एकदम उगवू शकतो, वेग बदलला की. फुकटात होण्यासारखं एवढंच आहे. त्यावरून लिपिड मागवायचे की फ्लोरिनची खूण, ते ठरवू. सिस्टिनचे प्रायमर मात्र आजच मागवले, ते स्वस्त आहेत.

काकांनी मशीनच्या वहीत सोमवारपासून शुक्रवारपर्यंतच्या रात्री आमच्या नावावर टाकल्या. बुधवारी हीलियम भरायचं आहे, तेव्हा दुपारी दोन तास थांबावं लागेल. ३५ अंशांची धाव गुरुवारी, शेवटी, कारण त्यात नमुना गेला तर गेला.

पोरीने आज पहिल्यांदा एकटीने जड पाण्याची फ्लास्क लावली. तीस टक्क्यांची.